भौमितिक लिथोग्राफ: पाहावा कसा, ओळखावा कसा आणि मुंबईच्या पावसाळ्यातून वाचवावा कसा

गॅलरीच्या भिंतीवर एक चौकोन, त्याच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा. खाली उजवीकडे पेन्सिलीने सही, डावीकडे १७/१२५ असा आकडा, शेजारच्या पट्टीवर 'कागदावर लिथोग्राफ'. बहुतेक लोक इथे पाच सेकंद थांबतात, पट्टी वाचतात आणि माणसं-घोडे असलेल्या चित्राकडे सरकतात. अशा चित्रापुढे उभं राहून नेमकं करायचं काय, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांना तर भूमिती म्हटलं की कंपासपेटी आणि कापलेले मार्कच आठवतात.

मी नवख्यांना एकच सांगतो: अर्थ नंतर शोधा, आधी छपाई वाचा. किती थर आहेत, खाली कोणता गेला, वर कोणता आला, कडा कशी राखली, एवढं उलगडलं की निम्म्याहून अधिक चित्र हातात येतं. भौमितिक लिथोग्राफमध्ये, म्हणजे दगडावर काढून कागदावर छापलेल्या अशा नुसत्या आकारांच्या चित्रात, हे सोपंही आहे, कारण लपवायला काहीच नसतं. ना चेहरा, ना झाड, ना गोष्ट.

पायरी पहिली: दगडावर काय घडतं ते समजून घ्या

लिथोग्राफीचा शोध म्युनिकच्या आलोईस झेनेफेल्डरने १७९६ ते १७९८ या काळात लावला. हा गृहस्थ नाटककार. स्वतःची नाटकं स्वस्तात छापायची खटपट करताना त्याच्या हाती हे तंत्र लागलं. सगळा खेळ तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्यावर चालतो.

बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा चुनखडीचा सपाट दगड घ्यायचा. त्यावर पाणी आणि कार्बोरंडमची भुकटी घालून तो घासून एकसारखा करायचा. मग चरबी असलेल्या लिथो क्रेयॉनने किंवा पातळ लिथो शाईने त्यावर चित्र काढायचं. त्यावर डिंकाच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे थोडे थेंब घालून केलेलं मिश्रण फिरवायचं. त्यामुळे चित्राची जागा तेलकट शाई धरू लागते आणि कोरी जागा पाणी धरू लागते. छापताना दगड ओल्या स्पंजने पुसायचा, वरून शाईचा रूळ फिरवायचा. शाई चित्रावरच बसते, ओल्या भागावरून सरकून जाते. मग कागद ठेवायचा आणि प्रेसखालून दाबून काढायचा. पुढच्या प्रतीसाठी पुन्हा पाणी, पुन्हा रूळ, पुन्हा कागद.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, इथे काहीही कोरलेलं नसतं. दगड सपाट तो सपाटच. त्यामुळे एचिंगमध्ये, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून केलेल्या छपाईत, प्लेटच्या कडेचा जो खोलगट ठसा कागदावर उमटतो, तो इथे नसतो. दुसरी, साधारणपणे एका रंगाला एक दगड किंवा एक ॲल्युमिनियमची प्लेट. चार रंग म्हणजे तोच कागद चार वेळा प्रेसखालून गेला, आणि दर वेळी तो आधीच्याच जागी बिनचूक बसवावा लागला.

आता यात चौकोनाची धारदार कड कशी येते? शाईने भरण्याआधी जी जागा कोरी ठेवायची तिथे डिंकाचा हात मारून ठेवतात. डिंक वाळला की त्याच्या सीमेपर्यंत बिनधास्त शाई भरता येते, ती पलीकडे धरत नाही. बारीक रेघांसाठी रूलिंग पेन. हाताने पोस्टर किंवा इंजिनिअरिंग ड्रॉइंग केलेल्या पिढीला हे पेन आठवेल. त्याच्या दोन पात्यांमधल्या स्क्रूवर रेघेची जाडी ठरते आणि कागदावर टेकवताना हात थरथरला की संपलं.

हे तंत्र मुंबईला काही नवीन नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावरच. राजा रविवर्म्याचा लिथोग्राफीचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईतच सुरू झाला आणि नंतर मळवलीला गेला. आपल्या आज्या-पणज्यांच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वती तिथूनच आल्या. त्या चित्रांत दगडावर दगड चढवून गालाची, साडीच्या चुणीची मऊ छटा साधायची असे, आणि दोन दगडांचा सांधा कुठेही कळू नये ही कसब मानली जाई. भौमितिक लिथोग्राफवाले उलट्या बाजूने निघाले. दगड मोजकेच घ्यायचे आणि सांधा उघडा ठेवायचा.

पायरी दुसरी: कुठे जायचं

चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरून काळा घोडा गाठा. रीगल सिनेमाच्या चौकातलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय हे सुरुवातीला बरं. १९११ चा सर कावसजी जहांगीर हॉल १९९६ पासून या संग्रहालयाकडे आहे. अर्धगोलाकार जिन्यांनी मजल्यामागून मजला चढत घुमटाखाली पोहोचायचं, अशी रचना. सोमवारी बंद. एक मात्र ध्यानात घ्या: कागदावरची कामं उजेडाने फिकी पडतात, म्हणून कोणतंच जबाबदार संग्रहालय ती कायम भिंतीवर ठेवत नाही. आज लिथोग्राफ दिसेलच असं नाही. सध्या कशाचं प्रदर्शन आहे ते आधी विचारून निघा.

जहांगीर आर्ट गॅलरी तिथून चालत काही मिनिटांवर. महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनात मुद्राचित्रणाचा, म्हणजे छापून केलेल्या चित्रांचा, स्वतंत्र विभाग असतो, तोही चुकवू नका. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थ्यांची प्रिंट्स लागतात आणि ज्याने दगड घासला तोच शेजारी उभा असतो. त्याला 'हा रंग आधी छापला की नंतर?' एवढं विचारा. अर्धा तास कुठे गेला कळणार नाही.

फोर्ट आणि कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्यांत तिकीट नसतं. दार जड असतं, आत एसीची शांतता असते आणि टेबलामागची व्यक्ती मान वर करून पाहत नाही, म्हणून लोक बिचकतात. बिचकू नका. सरळ आत जा आणि विचारा, 'काही प्रिंट्स ड्रॉवरमध्ये आहेत का, बघायला मिळतील?' लिथोग्राफ बहुधा मोठ्या सपाट ड्रॉवरमध्ये पडून असतात. फ्रेम आणि काच नसताना कागद जवळून बघायला मिळणं ही मोठीच संधी. हात कोरडे आणि स्वच्छ ठेवा. धरायला सांगितलंच तर दोन्ही हातांनी समोरासमोरच्या कडा धरा.

पायरी तिसरी: चित्रासमोरची दहा मिनिटं

आधी लांबून बघा आणि रंग मोजा. समजा पाच दिसले. मग जवळ जा आणि विचारा, यातला एखादा रंग दोन रंग एकमेकांवर आल्यामुळे तर झालेला नाही ना? लिथोची शाई पारदर्शक ठेवता येते. पिवळ्यावर निळा चढला की हिरवा फुकटात मिळतो. पाच दिसणारे रंग तीनच दगडांचे निघाले, की चित्रकाराचं डोकं कसं चाललं ते कळायला लागतं. कोणत्या दोन आकारांनी एकमेकांवर यायचं आणि कोणत्यांनी नुसतं टेकायचं, हे ठरवणं म्हणजेच इथली रचना.

मग कड बघा, दोन रंग जिथे भिडतात ती. निळ्याच्या आणि पिवळ्याच्या सीमेवर कधी केसाएवढी हिरवी रेघ दिसते. छापणाऱ्याने मुद्दाम किंचित चढवलंय, म्हणजे मध्ये फट राहू नये. कधी तिथे केसाएवढा पांढरा कागद दिसतो. म्हणजे कागद बसवताना जरा सरकला. कधी कड नुसतीच सुबक असते, तरी भिंगाखाली हलकी थरथरते, कारण ती माणसाने ओढलेली असते. कॉम्प्युटरवर काढलेला चौकोन आणि हा चौकोन यांत फरक इथेच आहे. अशा एकेका कडेवर मी बराच वेळ काढतो. गॅलरीतले लोक विचित्र नजरेने बघतात, बघू देत.

तिसरं, पांढरा. लिथोग्राफमध्ये पांढरी शाई क्वचितच वापरतात. पांढरा बहुधा कागदच असतो, आणि तो कधी दुधी, कधी पिवळसर असतो. चित्रकाराने कागद मोकळा सोडला ती जागा त्याने रंगवलेल्या जागेइतकीच मापून सोडलेली असते.

घरी सराव करायचा तर जोसेफ अल्बर्स घ्या. जन्म १८८८, जर्मनीच्या बाउहाउस या कलाशाळेत आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक. ती शाळा १९३३ मध्ये बंद पडल्यावर अमेरिकेत गेला. १९५० पासून १९७६ मध्ये मरेपर्यंत तो चौकोनात चौकोन ही एकच रचना धरून बसला. १९६६ मध्ये लॉस एंजेलिसच्या जेमिनी कार्यशाळेत त्याने 'व्हाइट लाइन स्क्वेअर्स' ही लिथोग्राफची मालिका केली. त्यात एका रंगाच्या चौकोनातून पांढरी रेघ फिरवली आहे. रेघेच्या आतही तोच रंग, बाहेरही तोच, तरी डोळ्याला दोन वेगळ्या छटा दिसतात. विश्वास बसत नसेल तर मोठ्या संग्रहालयांच्या वेबसाइटवर यातलं एखादं चित्र उघडा, कोऱ्या कागदाला दोन छोटी भोकं पाडा आणि एक भोक रेघेच्या आत, दुसरं बाहेर येईल असा कागद स्क्रीनवर धरा. शेजारचे रंग झाकले गेले की दोन्ही छटा एक होतात. शाया तीनच, पण त्यातल्या एकीच्या दोन छटा भासतात म्हणून रंग चार दिसतात, असा हा मामला. हे एकदा स्वतः करून पाहिलं की 'चौकोनात काय एवढं' हा प्रश्न पुन्हा पडत नाही.

अल्बर्स स्थिर वाटला तर मागे जा. १९२३ मध्ये हॅनोव्हरच्या केस्टनर सोसायटीने एल लिसिट्स्की आणि लास्लो मोहोली-नॉज या दोघांचे लिथोग्राफचे संच काढले होते. लिसिट्स्की शिकलेला वास्तुविशारद. त्याचे आकार तिरके, हवेत तरंगणारे. वर कोणतं आणि खाली कोणतं हे ठरवताच येऊ नये, ही त्याचीच इच्छा होती. मोबाइल चारही बाजूंना फिरवून बघा.

आपल्याकडे या वाटेने जाताना रझा, गायतोंडे आणि नसरीन मोहमदी या चित्रकारांची नावं लागतात. तिघेही मुंबईत राहून गेले, पहिले दोघे जे. जे.चे. गायतोंड्यांना स्वतःच्या कामाला अमूर्त म्हटलेलं रुचत नसे. नसरीनच्या शाई-पेन्सिलीच्या रेघा लिथोग्राफ नाहीत, तरी कडेकडे बघण्याची सवय लावायची असेल तर त्यांच्याइतकी चांगली शिकवणी नाही. रझांच्या प्रिंट्सबद्दल मात्र पुढे थोडं सावधगिरीचं बोलायचं आहे.

पायरी चौथी: भिंग घ्या

जवाहिऱ्यांकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. झवेरी बाजाराच्या आसपास सहज मिळतं. पहिला सराव घरातल्या कालनिर्णयवर करा. रंगीत चित्रावर भिंग ठेवलं की निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलांसारखे गोल करून बसलेले दिसतील. ही ऑफसेट छपाई. फोटोवरून ठिपक्यांची जाळी करून छापलेलं. आता कुणी तुम्हाला 'ओरिजिनल लिथो' म्हणून असं ठिपक्यांचं चित्र दाखवलं, तर ते मूळ चित्राचं पोस्टर आहे एवढं समजा आणि पोस्टरचाच भाव द्या.

घरच्या किंवा झेरॉक्सवाल्याच्या इंकजेट प्रिंटवर नियमित जाळी नसते, फवारा उडाल्यासारखे बारीक शिंतोडे असतात. स्क्रीनप्रिंटमध्ये, म्हणजे सेरिग्राफमध्ये, शाईचा थर जाड असतो. चित्र उजेडात तिरकं धरलं तर तो कागदावर चढून बसलेला दिसतो, बोटाला न लावताही कळतो. दगडावरच्या लिथोमध्ये शाई कागदाशी एकजीव झालेली. क्रेयॉन वापरला असेल तर दगडाच्या रव्यामुळे अनियमित दाणा दिसतो. सपाट भरलेल्या भागात एकसंध रंग, ठिपका नाही.

मात्र उलटा निष्कर्ष काढू नका. ठिपके दिसले तर फोटोवरून छापलंय हे नक्की, पण ठिपके दिसले नाहीत म्हणून दगडच वापरला असं ठरत नाही. चित्रकार ऑफसेटच्या प्लेटवरही थेट हाताने काढू शकतो, आणि तीही अस्सल प्रिंटच.

रझांची जी प्रिंट्स मुंबईच्या बाजारात फिरतात त्यांत सेरिग्राफ बरेच. विकणारे सरसकट 'लिथो' म्हणतात, घेणारेही मान डोलावतात. सेरिग्राफ कमी दर्जाचा असतो असं मुळीच नाही. पण विकणाऱ्याला माध्यमच माहीत नसेल, तर बाकीच्या गोष्टी त्याला कितपत माहीत असतील?

पायरी पाचवी: खालची पेन्सिल वाचा

१७/१२५ म्हणजे एकशे पंचवीस प्रतींतली सतरावी. सतरावी छापली गेली असंच नाही, आकडे बहुधा नंतर घालतात. लहान आकडा म्हणजे चांगली प्रत, हा समजही लिथोला लागू नाही. ड्रायपॉइंटची, म्हणजे सुईने थेट ओरखडलेली, प्लेट झिजत जाते, तिथे सुरुवातीच्या प्रतींना महत्त्व असतं. दगडावर नीट छापलेली एडिशन, म्हणजे ठरवून छापलेल्या सगळ्या प्रती, शेवटपर्यंत सारखी राहते.

आकड्याऐवजी 'ए. पी.' किंवा फ्रेंच पद्धतीने 'ई. ए.' असेल तर ती चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. 'पी. पी.' म्हणजे छापणाऱ्याची. 'एच. सी.' म्हणजे विक्रीसाठी नसलेली, जरी ती हमखास विकायला येत असली तरी. 'बी. ए. टी.' ही चित्रकाराने पसंत केलेली नमुना प्रत. बाकी सगळ्या तिच्याशी ताडून छापतात. कोपऱ्यात बिनशाईचा उठावाचा छोटा शिक्का दिसला तर तो कार्यशाळेचा किंवा छापणाऱ्याचा. जून वेनने १९६० मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केलेल्या टॅमरिंड कार्यशाळेच्या प्रिंट्सवर असे शिक्के असतात.

सहीवरही भिंग ठेवा. पेन्सिलीचा ग्रॅफाइट तिरक्या उजेडात चमकतो, छापलेली सही चमकत नाही. प्लेटवरची छापील सही ही काही फसवणूक नाही, पण हाताने सही केलेल्या प्रतीचा भाव तिला देऊ नये.

पायरी सहावी: घ्यायचं ठरलंच तर

यावर फार लिहीत नाही. पक्कं बिल घ्या. त्यावर चित्रकार, नाव, साल, माध्यम, कागदाचं माप, एडिशनचा आकडा हे सगळं हवं. हे चित्र आधी कुणाकडे होतं ते विचारा. नामांकित चित्रकाराच्या प्रिंट्सची संपूर्ण सूची छापलेली असते. त्यातलं माप आणि हातातला कागद जुळतो का ते बघा, न जुळल्यास कुणीतरी कडा कापल्या आहेत. लिलावात घेताना हातोडा पडतो त्या आकड्यावर लिलावघराचं कमिशन आणि कर चढतो, तो धरूनच बोली लावा. फ्रेम उघडून मागची बाजू दाखवायला कुणी नकार दिला तर घेऊ नका.

मला विचाराल तर पहिली खरेदी मोठ्या नावाची नकोच. तेवढ्यात एखाद्या तरुण मुद्राचित्रकाराचा चांगला लिथोग्राफ येतो आणि तो खरा की खोटा याची चिंता राहत नाही.

पायरी सातवी: फ्रेमवाला आणि पावसाळा

मुंबईत कागदावरच्या चित्राचे दोन शत्रू. पहिला फ्रेमवाला, दुसरा जून ते सप्टेंबर.

फ्रेमवाल्याकडे गेलात की पहिला प्रश्न येतो, 'साहेब, ही पांढरी किनार कापू का? फ्रेम लहान होईल, स्वस्त पडेल.' त्या किनारीत सही आहे, आकडा आहे, शिक्का आहे, कागदाची मूळ कड आहे. कापू द्यायचं नाही. दुसरं, तो चित्र हार्डबोर्डवर फेव्हिकॉलने चिकटवून 'एकदम प्लेन' करून देईल. तेही नाही. सेलोटेप तर अजिबात नाही, त्याचे पिवळे डाग कागदात उतरतात आणि मग निघत नाहीत.

त्याला लिहून द्या: मागे-पुढे ॲसिड-फ्री माउंट बोर्ड. चित्र फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगलेलं, बाकी मोकळं. कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आक्रसतो, त्याला हलायला जागा हवी. काच आणि कागद यांच्यात माउंटची फट. काच थेट टेकली तर पावसाळ्यात आतून ओल धरते आणि शाई काचेला चिकटते. शक्य असेल तर अतिनील किरण अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक. मागे ॲसिड असलेलं प्लाय नको, वाळवीलाही ते आवडतं.

भिंत निवडताना बाहेरची, पावसाचा मारा खाणारी भिंत टाळा, मग ती दिवाणखान्यातली सगळ्यात मोठी असली तरी. स्वयंपाकघराशेजारची नको, दुपारचं ऊन पडणारीही नको. संग्रहालयं अशा कामांवर साधारण ५० लक्स (उजेडाचं माप) इतकाच मंद उजेड ठेवतात. घरात तेवढं जमणार नाही, पण चित्रावर थेट स्पॉटलाइट तरी लावू नका. फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रबराची बटणं लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. काच पुसायचा स्प्रे फडक्यावर मारा. काचेवर मारलात तर ओघळ खाली फ्रेमच्या खाचेत जाऊन कागदाला लागतो.

गणपती झाले आणि पाऊस ओसरला की फ्रेम खाली काढून मागून-पुढून बघा. तांबूस ठिपके, करडी लव, कडेला कसरीने कुरतडलेलं, यातलं काही दिसलं तर पुसू नका, उन्हात टाकू नका. बाकीच्या चित्रांपासून वेगळं ठेवा आणि कागदाच्या संवर्धकाला दाखवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तिथून चौकशीला सुरुवात करता येते.

फ्रेम लगेच करायची नसेल तर ॲसिड-फ्री कागदाच्या घडीत सपाट ठेवा. गुंडाळी करून माळ्यावर टाकू नका. फोल्डरमध्ये डांबरगोळ्या नकोत. आणि चित्र फ्रेमवाल्याकडे देण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या: पुढची बाजू, मागची बाजू, सही, आकडा, शिक्का, आणि भिंगातून दोन रंगांच्या सीमेचा एक जवळचा. परत आल्यावर त्या सीमेची केसाएवढी रेघ जुळवून बघा, म्हणजे दिलेलंच चित्र परत आलं याची खात्री होते.